नक्कल उरली, मूळ बुडालं : एक डच चित्र, अजिंठ्याच्या भिंती आणि आमच्या घरातला चौक

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जे बोललो तेच जवळपास आहे, फक्त अडखळणं काढून टाकलंय.)

हेडफोन लावलेत ना? आजच्या भागात चित्रं खूप आहेत आणि पॉडकास्टमध्ये चित्र दाखवता येत नाही, म्हणून मी सांगतो आणि तुम्ही डोळ्यांसमोर आणा.

सुरुवात माझ्या फोनमधल्या एका फोटोपासून करतो.

फोटो २०१२ चा आहे. मी तेव्हा शाळेत होतो आणि घरात एकच बटणांचा फोन होता. मोखाडा तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर काकाचं लग्न होतं. आजीने आणि पाड्यातल्या सुवासिनींनी मिळून घराच्या भिंतीवर चौक लिहिला होता. हो, आमच्याकडे चौक 'काढत' नाहीत, 'लिहितात'. कारवीच्या कुडाची भिंत, ती शेणामातीने सारवलेली, वर गेरूचा हात, आणि त्यावर तांदळाच्या पिठाने पांढरा चौक. मधोमध पालघट देवी, भोवती झाडं, माणसं, जनावरं, तारपा, सूर्य-चंद्र. वारली लग्नात हा चौक लिहिल्याशिवाय पुढचं काही होत नाही. मी त्याचा एक फोटो काढला, तोही भाऊ मध्ये तडमडत असताना.

नंतर आजी गेली. काही वर्षांनी घरकुल मंजूर झालं. कुडाची भिंत पाडली, विटांची उभी राहिली, वर स्लॅब पडला. पाऊस आत यायचा थांबला, साप यायचा थांबला, आई खूश झाली. मीही खूश झालो, उगाच खोटं कशाला बोलू! पण त्या भिंतीवर आजीने पिढ्यान्पिढ्यांचं जे लिहिलं होतं, त्यातलं आता फक्त एक उरलंय. माझ्या फोनमधला तो फोटो. ६४० बाय ४८० पिक्सेल.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. फोटोत साधारण सहा फूट रुंदीची भिंत आलीय. सहा फूट म्हणजे सुमारे १८३० मिलिमीटर. त्याला ६४० ने भागा. एका पिक्सेलमध्ये जवळपास तीन मिलिमीटर भिंत बसते. आणि बांबूच्या काडीने ओढलेली आजीची रेघ किती जाड असेल? दोन-तीन मिलिमीटर. म्हणजे आजीची अख्खी रेघ माझ्याकडे एका पिक्सेलची आहे. त्यात जेपेग फाइल चित्राचे आठ बाय आठचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनात 'एवढं चालेल' म्हणून बारीकसारीक टाकून देते. त्यामुळे देवीच्या बोटांच्या जागी आता करड्या रंगाचा चिखल आहे.

यंदा चुलतबहिणीचं लग्न ठरलं, आणि घरात प्रश्न आला की चौकाचं काय करायचं. त्या प्रश्नाकडे मी शेवटी येतो. पण तो डोक्यात घोळत होता म्हणूनच मी एक गोष्ट शोधायला लागलो : मूळ चित्र नाहीसं झालं आणि फक्त नक्कल उरली, असं जगात कुठेकुठे झालंय? आणि तेव्हा त्या नकलेचं लोकांनी काय केलं?

पहिली गोष्ट : समुद्राच्या तळाशी गेलेली बाळंतिणीची खोली

वर्ष १६६४. शिवाजी महाराज सुरतेकडे निघालेत. वाटेत जव्हारजवळ शिरपामाळावर मुक्काम झाला आणि जव्हारचे राजे विक्रमशहा त्यांना तिथे भेटले, असं आपल्याकडे सांगतात. तुमच्यातले बरेच जण शिरपामाळावर सेल्फी काढून आले असतील. ज्या सुरतेकडे महाराज चालले होते, तिथे तेव्हा डच व्यापाऱ्यांची वखार होती.

त्याच काळात, त्या डचांच्या देशात, लायडन नावाच्या गावात खेरिट डाउ नावाचा चित्रकार काम करत होता. जन्म १६१३, मृत्यू १६७५, म्हणजे महाराजांच्या राज्याभिषेकाच्या पुढच्या वर्षी. हा रेम्ब्रांटचा पहिल्या शिष्यांपैकी एक. रेम्ब्रांट पुढे मोठमोठे फटकारे मारायला लागला, डाउ मात्र उलट्या दिशेला गेला. लहान लहान फळ्या, आणि त्यावर इतकं बारीक काम की ब्रशचा केससुद्धा दिसू नये.

या काळाला युरोपच्या कलेत बरोक म्हणतात. बरोक म्हटलं की चर्चची सोनेरी छतं आणि ढगातले देवदूत आठवतात. पण हॉलंडमध्ये त्याच काळात वेगळंच चाललं होतं. तिथल्या व्यापाऱ्यांना घरात लावायला घरातलीच चित्रं हवी होती. दूध ओतणारी मोलकरीण, दात काढणारा वैद्य, पत्र वाचणारी बाई, दारू पिऊन झोपलेला म्हातारा. यात देव नाही, राजा नाही. रोजच्या जगण्याची चित्रं.

डाउने असं एक तीन भागांचं चित्र केलं. मधल्या भागात खोलीत बाळाला घेऊन बसलेली आई. एका बाजूच्या झडपेवर मेणबत्तीच्या उजेडात भरलेली रात्रीची शाळा. दुसऱ्या बाजूला पिसाच्या लेखणीला टोक काढणारा माणूस. अभ्यासक सांगतात की या तिन्हींचा मिळून एक अर्थ आहे : माणूस काही शिकतो त्याला निसर्ग लागतो, शिकवण लागते आणि सराव लागतो. बाळ, शाळा, लेखणी.

हे चित्र पुढे आम्स्टरडॅमच्या खेरिट ब्रामकॅम्प नावाच्या श्रीमंत संग्राहकाकडे आलं. तो वारल्यावर १७७१ च्या जुलैअखेर त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला. डाउचं हे चित्र १४,१०० गिल्डरला गेलं, त्या लिलावातली सगळ्यात मोठी किंमत. घेणारी कोण? रशियाची सम्राज्ञी कॅथरीन, अर्थात तिच्या माणसांमार्फत.

चित्रं जहाजावर चढली. जहाजाचं नाव 'फ्राउ मारिया'. ५ सप्टेंबर १७७१ ला ते आम्स्टरडॅमहून सेंट पीटर्सबर्गकडे निघालं. ३ ऑक्टोबरच्या रात्री फिनलंडजवळच्या बेटांच्या जाळ्यात ते खडकावर आदळलं. खलाशी वाचले. त्यांनी काही दिवस पाणी उपसलं, थोडा माल वर काढला. ९ ऑक्टोबरला जहाज बुडालं. साखर, कापड आणि कॅथरीनची चित्रं, सगळं खाली.

१९९९ मध्ये रौनो कोइवुसारी नावाच्या फिनलंडच्या पाणबुड्याच्या गटाला ते जहाज सापडलं. सुमारे ४१ मीटर खोल. बाल्टिक समुद्राचं पाणी थंड आहे आणि कमी खारट आहे. लाकूड पोखरणारा समुद्री किडा तिथे जगत नाही, म्हणून अडीचशे वर्षांनंतरही जहाज बऱ्यापैकी अखंड उभं आहे. मग त्यावर मालकी कोणाची, हे प्रकरण कोर्टात गेलं आणि निकाल फिनलंडच्या सरकारच्या बाजूने लागला. डाउचं चित्र मात्र वर आलेलं नाही.

आता ऐका. आम्स्टरडॅमच्या रेइक्सम्युझियमच्या संग्रहात आज ते तीन भागांचं चित्र आहे! आई, शाळा, लेखणी, सगळं. फक्त ते डाउचं नाही. विलेम योसेफ लाक्वी (१७३८–१७९८) नावाच्या चित्रकाराने केलेली ती नक्कल आहे. लाक्वी मूळचा जर्मनीतला, कोलोनजवळचा. ब्रामकॅम्पने त्याला आश्रय दिला होता आणि त्याच्या संग्रहातल्या चित्रांच्या नकला लाक्वी करत असे. तेव्हा नक्कल करणं ही चोरी नव्हती. शिकण्याची तीच रीत होती आणि कमाईचीही.

मला यातली गंमत अशी वाटते की लाक्वीला कुठे माहीत होतं की आपण बॅकअप घेतोय? समुद्राने मूळ चित्र नेलं त्या दिवशी त्याची नक्कल एकदम साक्षीदार झाली. आदल्या दिवशी ती फक्त 'डाउसारखं काहीतरी' होती.

पण ती किती खरी? रंगाची छटा बदलली असेल, डाउचा तो मेणबत्तीचा उजेड लाक्वीला तसाच्या तसा जमला नसेल, एखादा चेहरा त्याने स्वतःच्या काळाच्या आवडीने गोंडस केला असेल. शेजारी ठेवून तपासायला मूळच नाही. आम्ही फाइल कॉपी केली की दोन्हींचा हॅश काढून बघतो. जुळला तर एकही बिट बदललेला नाही. चित्राला हॅश नसतो. नकलेवर भरवसा ठेवायचा की नाही, हे नक्कल करणाऱ्या माणसाला किती ओळखतो त्यावर ठरतं.

दुसरी गोष्ट : अजिंठा, जिथे उलटं झालं

आता घरी येऊ. छत्रपती संभाजीनगर जिल्हा, वाघूर नदीची घोड्याच्या नालासारखी वळलेली दरी, अजिंठा.

२८ एप्रिल १८१९. मद्रासच्या फौजेतला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी त्या भागात शिकारीला गेला होता, तेव्हा लेणी त्याच्या नजरेस पडली. त्याने काय केलं? दहाव्या लेण्यातल्या खांबावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरली. आपल्याकडे 'पप्पू लव्हज पिंकी' लिहिणाऱ्यांचा हा पूर्वज!

भिंतींवरची चित्रं तेव्हा हजार-दीड हजार वर्षांची आणि त्याहूनही जुनी होती. त्यात जातककथा आहेत, पण त्या कथांच्या आत सगळा संसार आहे. झोक्यावर बसलेली बाई, साजशृंगार करणाऱ्या स्त्रिया, बाजार, मिरवणुका, मद्याचे पेले घेतलेली परदेशी पोशाखातली माणसं. डच लोक ज्याला रोजच्या जगण्याचं चित्र म्हणत होते, ते इथे त्यांच्या हजारेक वर्षं आधीच भिंतीवर होतं. पण ओल, वटवाघळं, पोपडे आणि तुकडे काढून नेणारे पाहुणे यांनी ते दरवर्षी थोडं थोडं संपत होतं.

लंडनच्या अभ्यासकांनी ओरड केली तेव्हा कंपनी सरकारने १८४४ मध्ये मद्रास फौजेच्याच रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला नकला करायला नेमलं. गिल अजिंठ्यात आला आणि जवळपास तिथलाच झाला. मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात त्याने १८६३ पर्यंत काम केलं. म्हणजे जवळजवळ दोन दशकं. गिल आणि पारो यांची कहाणी तुम्ही ऐकली असेल, पुस्तक आणि सिनेमा दोन्ही झालेत. पारो १८५६ मध्ये गेली. तिची कबर अजिंठा गावात आहे.

गिलच्या नकला लंडनला गेल्या आणि क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या. ३० डिसेंबर १८६६ ला तिथे आग लागली. जवळपास सगळ्या नकला जळाल्या, मोजक्या उरल्या. वीस वर्षांचं काम एका रात्रीत. गिल तेव्हा जिवंत होता. तो अजिंठ्याच्याच परिसरात राहिला, फोटो काढत राहिला. १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

मग दुसरा प्रयत्न. १८७२ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला गेले. हे काम १८८५ पर्यंत चाललं, साधारण ३०० कॅनव्हास झाले. तेही लंडनला गेले. साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात १८८५ मध्ये आग लागली आणि त्यातलेही बरेचसे जळाले! सुदैवाने दीडशेहून जास्त वाचले आणि आज ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत.

बघा, डाउच्या गोष्टीच्या नेमकं उलट झालं. तिथे मूळ बुडालं, नक्कल उरली. इथे नकला जळाल्या आणि मूळ भिंत, जिच्याबद्दल सगळे म्हणत होते की ही आता टिकत नाही, ती अजून उभी आहे.

आमच्या कामात एक नियम आहे, तीन-दोन-एक. डेटाच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर ठेवा, आणि निदान एक प्रत वेगळ्या गावी ठेवा. अजिंठ्याच्या बाबतीत प्रत वेगळ्या गावी ठेवली, पण सगळी एकाच छताखाली. एकदा पोळले तरी दुसऱ्यांदा तेच केलं. आपणही करतो की! सगळे फोटो एकाच फोनमध्ये आणि फोन पावसात.

तरीही त्या नकला वाया गेल्या नाहीत. गेल्या दीडशे वर्षांत भिंतीवरचे काही तुकडे गळून गेलेत, आणि ते कसे दिसत होते हे आज ग्रिफिथ्सच्या कॅनव्हासवर बघावं लागतं. तिथे नक्कल पुन्हा साक्षीदार झालीय.

पण एक डाग सांगायला हवा. नक्कल करताना रंग नीट दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश फासलं गेलं. काळाबरोबर ते पिवळट-काळं पडलं, त्याला तडे गेले, आणि नंतरच्या पिढ्यांना ते निस्तरत बसावं लागलं. चांगली प्रत मिळावी म्हणून मुळालाच इजा. हे वाक्य मी माझ्या डायरीत लिहून ठेवलंय.

आणि दुसरा प्रश्न नावांचा. 'ग्रिफिथ्सच्या नकला' म्हणतो आपण. प्रत्यक्षात लेण्यांच्या अंधारात उभं राहून रंगवणारे बरेचसे हात मुंबईच्या पोरांचे होते. पेस्तनजी बोमनजी हे त्यातलं एक नाव, ते पुढे मोठे चित्रकार झाले. जयराव राघोबा हे आणखी एक. तुमच्यातल्या किती जणांनी ही नावं याआधी ऐकली होती? मी तरी नव्हती ऐकली. लाक्वीचं नाव निदान पाटीवर आहे.

तिसरी गोष्ट : जिथे मूळ असं काही नसतंच

आता आमच्याकडे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला, त्याआधी आम्ही सगळे ठाणे जिल्ह्यात.

वारली चित्र म्हणून तुम्ही जे ओळखता, कपावर, साडीवर, सोसायटीच्या कंपाउंडवर, ते गेल्या पन्नासेक वर्षांतलं आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार या भागात आले. त्याआधी बिहारमध्ये दुष्काळात मिथिलेच्या बायकांना भिंतीवरची चित्रं कागदावर काढायला त्यांनीच प्रोत्साहन दिलं होतं, त्यातून आपल्याला मधुबनी कळली. इथेही त्यांनी कागद दिले, रंग दिले. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं त्यातून जगापुढे आली. १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांचं काम होतं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले.

जिव्यादादांबद्दल मला प्रचंड आदर आहे. त्यांनी चौकातला संसार देवीच्या चौकटीबाहेर काढला आणि पेरणी, मासेमारी, मुंग्यांचं वारूळ असं सगळं स्वतंत्र चित्र म्हणून उभं केलं. पण त्याआधी भिंतीवर लिहिणाऱ्या कोण होत्या? बायका. आणि त्यांची चित्रं कुठे आहेत? कुठेच नाहीत. पावसाने गेली, पुढच्या सारवणाखाली गेली, भिंतीबरोबर पडली. त्यांची नावं तर कुठल्या कागदावर आलीच नाहीत.

म्हणजे कागदावरचं वारली चित्र ही एका अर्थाने हरवलेल्या भिंतींची उशिरा केलेली नक्कलच आहे. माझा पहिला निष्कर्ष हा होता. मी तो मोठ्या ऐटीत आत्याला ऐकवला आणि तिने तो मोडून काढला. ते सांगतो.

फ्लेक्स

तर यंदाचं लग्न. नवीन घर, गुळगुळीत प्लास्टर, वर ऑइलपेंट. त्यावर तांदळाचं पीठ धरत नाही, वाळलं की पापुद्रे सुटतात. आजीच्या बरोबरीच्या बायका आता फार उरल्या नाहीत. तेव्हा कोणीतरी म्हणालं, "अरे, तुझ्याकडे आईच्या चौकाचा फोटो आहे ना? जव्हारला फ्लेक्स छापून आण. आईचाच चौक होईल, काय वाईट आहे?"

मलाही पटलं. उलट मी भारावलोच. आजीचा चौक पुन्हा लग्नात! मी फोटो एका ॲपमध्ये टाकला, ते जुने फोटो मोठे आणि स्वच्छ करून देतं. दोन मिनिटांत आठपट मोठं, चकचकीत चित्र हातात आलं.

आणि मग मी नीट बघितलं. ॲपने पालघट देवीच्या डोक्याच्या गोलात दोन डोळे काढले होते. जिथे चिखल होता तिथे बोटं काढली होती, एका हाताला सहा. तारपा वाजवणाऱ्याच्या हातात काहीतरी बासरीसारखं दिलं होतं. नाचणारी माणसं त्याच्याकडे पाठ करून उभी होती, आमच्या नाचात तारपावाल्याला पाठ दाखवत नाहीत. यंत्राने खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. माहिती नव्हती तिथे त्याने आजवर बघितलेल्या लाखो चित्रांच्या सरासरीने जागा भरली. गिलच्या नकलांकडे बघून काही जण म्हणतात ना, की यात युरोपातल्या तैलचित्रांची सवय डोकावते, तसंच. हात ज्या गावात तयार झाला, ते गाव नकलेत उतरतंच.

मी तो प्रकार आणि मूळ फोटो दोन्ही घेऊन आत्याकडे गेलो. आजीची ही धाकटी लेक, दिलीय जव्हार तालुक्यात. तिच्या बोलीतलं बोलणं मी थोडं सोपं करून सांगतो.

चकचकीत चित्राकडे तिने दोन सेकंद बघितलं. म्हणाली, "याचं पीठ कोणी कालवलं?"

मी म्हटलं, "आत्या, पीठ कुठलं, हा कॉम्प्युटर आहे."

"मग चौक कसा झाला? चौक चार जणी बसून लिहितात. धवलेरी गाणं म्हणते तेव्हा लिहितात. गाण्यात जे येईल ते भिंतीवर येतं. हे कोणी गायलं?"

मी गप्प.

मग तिने जुना फोटो हातात घेतला, तो करडा चिखलवाला. आणि मंडळी, ती तो फोटो वाचायला लागली. मला जिथे डाग दिसत होता, तिथे ती म्हणाली, "ही फणी माझी. आईची फणी अशी नसायची, तिचे दात लांब." पुढे म्हणाली, "हे झाड तुझ्या मोठ्या काकीचं, तिला माहेरच्यासारखं लिहायची सवय." एका वाकड्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "इथे आईचा हात थरथरला. तेव्हा दिसायचं कमी झालं होतं तिला. तरी उठली नाही."

बारा-तेरा वर्षं मी तो 'आजीचा चौक' म्हणत होतो. तो चौघींचा होता. अगदी 'ग्रिफिथ्सच्या नकलां'सारखी चूक मी माझ्याच घरात केली होती.

मी माझा निष्कर्ष सांगितला, की कागदावरचं चित्र म्हणजे भिंतीवरच्या मुळाची नक्कल. ती हसली. "भिंतीवरचं मूळ कसं? ते आम्ही दर लग्नात पुसतो. माझ्या आईने तिच्या आईच्या चौकाचा फोटो बघून लिहिला होता का?"

तिथे मला कळलं की मी चुकीच्या जागी बॅकअप शोधत होतो. डाउचं चित्र ही एक वस्तू होती, ती बुडाली की बुडाली. अजिंठ्याची भिंतही वस्तू आहे, तुकडा गळला की गेला. चौक तसा नाही. भिंतीवरचा प्रत्येक चौक हीच एक प्रत असते, आणि मूळ असतं ते गाण्यात, हातात आणि चार जणींच्या एकत्र बसण्यात. आमच्या भागातला बोहाडा आठवा. सोंगांचे मुखवटे जुने होतात, फुटतात, पुन्हा करतात, पुन्हा रंगवतात. जुना मुखवटा गेला म्हणून देव गेला असं मोखाड्यात कोणी म्हणत नाही. मुखवटा करणारा आणि नाचवणारा गेला आणि त्याच्यामागे कोणी शिकलं नाही, तर मात्र खरंच जातो.

आणि धोका तोच आहे, हे मी गोड करून सांगणार नाही. आमच्या पाड्यावर धवलेरीचं पूर्ण गाणं येणारी आता एकच बाई आहे. आत्याच्या गुडघ्यांना बसवत नाही. माझ्या बहिणी शिकल्या, नोकरीला लागल्या, ते चांगलंच झालं, पण त्यांना चौक येत नाही. फ्लेक्सची सूचना कोणी वाईट मनाने केली नव्हती. ती केली कारण अडचण खरी होती.

मग काय केलं?

फ्लेक्स छापला नाही. ओसरीतल्या एका भिंतीचा ऑइलपेंट खरवडला. दोन दिवस लागले, काकाने मला शिव्या घातल्या. त्यावर शेणमाती, वर गेरू. आत्या खुर्चीवर बसली आणि खाली माझी चुलतबहीण, तिची एक मैत्रीण आणि दोन काकू. आत्याने माझा जुना फोटो एकदाच दाखवला, 'फणी कुठे बसते' हे समजायला. मग फोन बाजूला ठेवायला लावला. धवलेरीने गायला सुरुवात केली.

झालेला चौक आजीच्या चौकासारखा नाही. फणीचे दात वाकडे आहेत. एका कोपऱ्यात मैत्रिणीने एसटी काढलीय, जव्हारला जाणारी. आत्याने ती बघितली, थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "राहू दे. आली ना ती एसटीनेच."

या वेळी मीही माझं काम नीट केलं. आधी आत्याला विचारलं की फोटो काढू का. ती म्हणाली, काढ, पण देवीचा जवळून काढून सगळीकडे पाठवू नको. म्हणून तो फोटो या पानावर नाही. घरासाठी काढला, उजेड नीट घेऊन, शेजारी मोजपट्टी धरून. गाणं रेकॉर्ड केलं, पूर्ण, दीड तास. तीन प्रती केल्या, त्यातली एक आत्याकडे जव्हारला पेनड्राइव्हवर, म्हणजे वेगळ्या गावी. आणि प्रत्येक फाइलसोबत एक साधी टेक्स्ट फाइल : कोणी लिहिलं, कोणी गायलं, कोणी पीठ कालवलं, कोणाच्या लग्नात, कुठल्या पाड्यावर. पाचही जणींची नावं. ती नावं मी इथे वाचत नाही, त्यांनी फक्त घरात ठेवायला सांगितलंय.

२०१२ च्या फोटोसोबतही आता तशी फाइल आहे. त्यात चार नावं आहेत. ॲपने केलेलं चकचकीत चित्र मी डिलीट केलं. सहा बोटांचं ते चित्र उद्या कोणाला सापडलं आणि तो म्हणाला की पूर्वी वारली देवीला डोळे काढायचे, तर? लाक्वीच्या नकलेवर आपण भरवसा ठेवतो कारण ती कोणाची, कशाची, हे लिहिलेलं आहे. पाटी नसलेली नक्कल ही अफवा असते.

तर तुमच्यासाठी काम. घरातल्या जुन्या फोटोंपैकी एक निवडा. आजीने विणलेली गोधडी असेल, दारातली रांगोळी असेल, आजोबांच्या हातचा मखर असेल. ज्यांना तो अजून वाचता येतो त्यांच्यासमोर फोन धरा आणि गप्प बसून ऐका. जे सांगतील ते फोटोखाली लिहा. ते माणूस आहे तोवरच हे होतं.

आमच्या ओसरीतल्या चौकाचा खालचा भाग पहिल्याच पावसाच्या ओलीने सुटायला लागलाय. एसटीची मागची दोन चाकं गेली. मी घाबरून आत्याला फोन केला. ती म्हणाली, "जाऊ दे रे. दिवाळीनंतर धाकटीचं बघतोयत ना?"

भेटू पुढच्या भागात.